अडीच सुताचा बोल्ट: जुन्या गाड्यांचे आटे आणि सोलापूर

सोलापुरात कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे जाऊन अडीच सुताचा बोल्ट मागा, लगेच मिळेल. पण तो तुमच्या अ‍ॅम्बॅसिडरला बसेलच असं सांगता येत नाही, कारण सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि अडीच सूत म्हणजे नुसती जाडी, ५/१६ इंच. त्या जाडीत जुन्या इंग्रजी व्हिटवर्थ पद्धतीचे इंचाला १८ आटे, इंग्रजीच पण बारीक आट्यांच्या बीएसएफचे २२, नंतर आलेल्या यूएनएफचे २४, आणि मिलीमीटरमधला ८ चा बोल्ट, म्हणजे एम८, पण डोळ्याला तेवढाच दिसतो, फक्त दोन-तीन आटे आत जाऊन अडकतो. मग गॅरेजमधला पोरगा पान्याला पाइप लावून दाबतो आणि पन्नास वर्षं टिकलेला इंजिनचा ब्लॉक एका मिनिटात खराब होतो. जुनी गाडी उभी करायला घेतलेल्या आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतंय, म्हणून हा गोंधळ आला कुठून ते एकदा नीट लिहून काढतो.

लांबचा इतिहास थोडक्यात. व्हिटवर्थचे आटे १८४१ चे, आट्याच्या दोन बाजूंमधला कोन ५५ अंश. सोलापुरात ते गाड्यांबरोबर आलेच नाहीत, गिरण्यांबरोबर आले. 'जुनी मिल' म्हणतात ती गिरणी १८७७ ची, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, आणि त्या काळच्या बहुतेक गिरण्यांसारखी यंत्रं विलायतेची. तिकडं कुर्डुवाडीला बार्शी लाइट रेल्वेचं वर्कशॉप, तिथंही इंग्रजी मापं. त्यामुळे गावात टॅप-डायचे (भोकात आणि बोल्टवर आटे पाडायच्या हत्यारांचे) सेट, पाने, लेथवर आटे पाडायचा हात, सगळं व्हिटवर्थचं तयार झालं, आणि गिरणीतले फिटर सुट्टी झाल्यावर बाहेरची कामं करायचे तेव्हा मोटारीलाही तेच आटे पाडले गेले. आज एखाद्या जुन्या गाडीच्या चॅसिसवर भलतेच जाड आटे सापडले तर कारखान्याला शिव्या देऊ नका, बहुतेक वेळा ते नंतर इथंच कुणीतरी पाडलेले असतात.

गाड्यांचं खरं प्रकरण स्वातंत्र्याच्या आसपास सुरू होतं. ज्या उद्योगपतीने, वालचंद हिराचंदांनी, कुर्ल्यात प्रीमियर मोटारींचा कारखाना काढला त्यांचा जन्म सोलापूरचाच, १८८२ चा, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत असतं. पण त्या कारखान्यात आधी डॉज, प्लायमाउथ, डिसोटो अशा अमेरिकन गाड्या जोडल्या गेल्या, म्हणजे इंची आटे, ६० अंशांचे. आणि पन्नाशीच्या दशकात त्याच कारखान्यातून फियाट निघायला लागली, ती पूर्ण इटालियन, म्हणजे मिलीमीटर. एकाच गेटातून बाहेर पडलेल्या दोन गाड्यांचा एकही बोल्ट एकमेकींना लागत नाही. म्हणून 'कुर्ल्याची गाडी' एवढंच सांगून सामान मागू नका, मॉडेल सांगा.

दुसरीकडे बंगालात हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यात निघणारी इंग्लंडची मॉरिस, तिचीच पुढं अ‍ॅम्बॅसिडर झाली. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा यांचं युद्धात एकमेकांचे नट-बोल्ट न जुळल्याने फार अडलं होतं, म्हणून १९४८ च्या नोव्हेंबरात तिघांनी मिळून युनिफाइड आटे ठरवले, त्यातले बारीक ते यूएनएफ आणि जाड ते यूएनसी. इंग्लंडच्या मोटारवाल्यांनी पन्नाशीत हळूहळू ते उचलले आणि १९५७-५८ ला अ‍ॅम्बॅसिडर आली ती तेच घेऊन. सगळं एकदम बदललं नाही. एसयू कार्बोरेटर आणि लुकासच्या इलेक्ट्रिक सामानात जुने बीए (बारक्या स्क्रूंची इंग्रजी पद्धत), बीएसएफ राहिलेच, त्यामुळे एकाच बॉनेटखाली तीन पद्धती दिसतात. डायनॅमो खोलला की बारके स्क्रू वेगळ्या डबीत ठेवा, ते हरवले तर गावात मिळणं अवघड.

आता जो निर्णय मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्यावर अजून वाद होतो तो बघू. देशाने १९५६ ला मेट्रिकचा कायदा केला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून वजनमापं बदलायला लागली, १९६२ पर्यंत बाजारात किलो-मीटर आले. म्हणजे अ‍ॅम्बॅसिडर रस्त्यावर आली तेव्हाच देश इंच सोडत होता. तरी ही गाडी इंचीच राहिली, साठीत राहिली, सत्तरीत राहिली, पार नव्वदीपर्यंत तेच १४८९ सीसीचं इंजिन आणि तेच यूएनएफ. टीका करणारे म्हणतात हा नुसता आळस, स्पर्धा नव्हती, परवान्यांचा काळ होता, गाडीला वर्षानुवर्षं वेटिंग होतं, मग बदलायचं कशाला. यात तथ्य आहेच. पण मला दुसरी बाजू जास्त पटते. आटा बदलायचा म्हणजे नुसता बोल्ट बदलत नाही, ब्लॉकमधलं प्रत्येक भोक, प्रत्येक जिग (काम पकडायचा साचा), प्रत्येक गेज (माप तपासायचं साधन) बदलावं लागतं, आणि रस्त्यावर आधीच फिरणाऱ्या गाड्यांना वेगळा स्पेअर आणि नव्याला वेगळा असं दोन्ही सांभाळावं लागतं. आणि एवढी वर्षं एकच आटा राहिला म्हणूनच आज १९६२ च्या मार्क वन अ‍ॅम्बॅसिडरला १९८५ च्या मार्क फोरचे कितीतरी बोल्ट भंगारातून काढून बसवता येतात. रिस्टोअर करणाऱ्याला याहून मोठी सोय दुसरी नाही.

खरा घोळ झाला तो १९९२ नंतर, जेव्हा या गाडीत १८०० सीसीचं इसुझू इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स आला. इंजिन-गिअरबॉक्स जपानी म्हणजे मिलीमीटर, आणि खाली सस्पेन्शन, मागचा अ‍ॅक्सल जुना म्हणजे इंची. तेव्हापासून दोन्हीचे पाने लागतात. त्यात ७/१६ इंचाचा पाना आणि ११ चा, १/२ चा आणि १३ चा जवळपास सारखा बसतो, म्हणून मेकॅनिकला वाटतं बोल्टही सारखाच. हेड जुळलं म्हणजे आटा जुळला असं अजिबात नाही. या मधल्या काळातल्या गाड्यांत मागच्या मालकांनी काय काय ठोकून बसवलंय ते बघितलं की खरंच वाईट वाटतं.

बाजार बदलला तो मारुतीमुळे. १९८३ नंतर गावोगावी स्पेअरच्या दुकानात मिलीमीटरचा माल भरला आणि इंची माल मागच्या फळीवर गेला. पुढं नव्वदीत आपल्या गिरण्या बंद पडत गेल्या, फिटर मंडळी पांगली, काही यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली, काही साखर कारखान्यांत, आणि त्यांच्याबरोबर पिच गेज (आट्यांमधलं अंतर मोजायची दातेरी पट्टी) लावून आटा ओळखायची सवयही गेली. माल संपला त्यापेक्षा हे मोठं नुकसान आहे असं माझं ठाम मत आहे. माल अजूनही मिळतो, ओळखणारा मिळत नाही.

माल कुठं मिळतो तर फियाट-पद्मिनीवाल्यांनी फार लांब जायची गरज नाही. फियाटच्या गाड्यांत १० एमएमचा बोल्ट सहसा १.२५ पिचचा, म्हणजे दोन आट्यांत १.२५ एमएम अंतर असलेला असतो, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो १.५ चा. पण जपानी पद्धतीतही १.२५ च चालतो, म्हणून मारुतीच्या स्पेअरवाल्याकडे विचारा. फक्त हेड १४ चं येतं, जुनं १७ चं होतं, ज्याला दिसणंही मूळचंच हवं त्याला ते चालणार नाही. अ‍ॅम्बॅसिडर, स्टँडर्ड हेराल्ड आणि जुन्या जीपवाल्यांनी ट्रॅक्टरचं दुकान गाठायचं. मॅसी फर्ग्युसनची जुनी मॉडेलं यूएनएफ-यूएनसीवरच आहेत आणि आपल्या जिल्ह्यात ट्रॅक्टरला काय कमी नाही. ते नाही जमलं तर मुंबईची नागदेवी किंवा सिकंदराबादचं राणीगंज, पण जाताना नमुना खिशात पाहिजे, बोल्ट आणि त्याचा नट दोन्ही, फोटोवर विसंबू नका.

नट हाताने फिरतोय म्हणजे जुळला असंही समजू नका. १/४, ५/१६ आणि ३/८ मध्ये व्हिटवर्थ आणि यूएनसीचे आटे इंचाला तेवढेच आहेत, २०, १८ आणि १६, त्यामुळे एकावर दुसरा आरामात चढतो. पण कोन ५५ आणि ६० असा वेगळा, आटे पूर्ण टेकत नाहीत आणि जोर आला की सुटतात. ब्रॅकेटला असलं चालून जाईल, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनला कधीच नाही. इंग्लंडच्या जुन्या युनिफाइड बोल्टच्या हेडवर किंवा षटकोनाच्या बाजूवर एकमेकांत अडकलेल्या गोलांची खूण असायची, ती दिसली तर तो बोल्ट टाकू नका, साफ करून परत वापरा.

काही जण सरळ भोक मोठं करून एम१० चा टॅप मारून मोकळे होतात. हे मला मान्य नाही. आटे गेलेच असतील तर मूळ मापाचा हेलिकॉइल, म्हणजे भोकात बसवायची आट्यांची तारेची गुंडाळी, बसवता येतो, आणि एकदा ब्लॉक मिलीमीटर केला की पुढच्या माणसाला परत हाच गोंधळ निस्तरावा लागतो. चकचकीत दिसतो म्हणून स्टेनलेसही सगळीकडे लावू नका. बाजारातला नेहमीचा ए२-७० दर्जाचा स्टेनलेस बोल्ट हा पोलादी बोल्टच्या ८.८ दर्जापेक्षा कमी ताकदीचा, आणि स्टेनलेसवर स्टेनलेस आवळताना आटे एकमेकांना धरून बसतात. इंचीमध्ये ८.८ च्या जवळचा म्हणजे ग्रेड ५, हेडवर तीन रेघा असतात. दुकानदार काहीही म्हणू दे, हेडवर रेघ नाही आणि आकडाही नाही असा बोल्ट टाय रॉड, ब्रेक किंवा लीफ स्प्रिंगच्या यू-क्लॅम्पजवळ नेऊ नका.