पोरं नको ती स्टेप पण का कॉपी करतात?

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून तो मेसेज फिरतोच, की मुलांना लहानपणीच धर्म शिकवा नाहीतर मोठेपणी हातातून जातील. आणि दुसऱ्या ग्रुपवर त्याच्या बरोबर उलटा, की आईबाप पोरांचं ब्रेनवॉशिंग करतात. दोघंही एक गोष्ट धरूनच चालतात की धर्म बोलून, सांगून डोक्यात जातो. आता आरती झाल्यावर निरांजनावर हात धरून ते तोंडावरून फिरवायचे, हे अडीच वर्षांच्या पोराला कोण समजावत बसतं? कारण विचारा, त्याला सांगता येणार नाही, आजीलाही बहुतेक नाहीच, पण हात बरोबर फिरतात.

ह्याला, म्हणजे गरज नसलेली स्टेपही जशीच्या तशी उचलण्याला, म्हणतात अतिअनुकरण आणि ह्यावरचा माझा सगळ्यात आवडता प्रयोग २००५चा, व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन ह्या संशोधकांचा. एक डबा, आत बक्षीस. करून दाखवणारा आधी वरच्या भोकात काठी खुपसतो आणि मग पुढचं दार उघडून बक्षीस काढतो. डबा काळा असला की चिंपांझी आणि ३-४ वर्षांची मुलं दोघंही सगळं जसंच्या तसं करतात. मग तसाच पारदर्शक डबा दिला, आता सरळ दिसतंय की वरची काठी बक्षिसापर्यंत पोचतच नाही. चिंपांझींनी ती स्टेप गाळली, आणि आपली हुशार पोरं खुपसतच राहिली! २००७मध्ये येल विद्यापीठातल्या डेरेक लायन्सच्या टीमने तर मुलांना बजावून सांगितलं की फालतू स्टेप करू नका, तरी केल्याच. आणि हे फक्त गोऱ्यांच्या लाडावलेल्या पोरांचं असेल म्हणाल तर २०१०मध्ये आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटातल्या बुशमन मुलांमध्येही हेच दिसलं.

मूर्खपणा वाटतो ना, पण अळूच्या फदफद्यात चिंच का घालतात हे किती जणांना माहीत असतं? कॅल्शियम ऑक्झलेटच्या बारीक सुया घशात टोचतात, त्यावर तो आंबटपणाचा उतारा. हे कळायच्या कितीतरी आधीपासून लोक चिंच घालतायत, आणि 'कशाला हवी' म्हणून ज्याने गाळली त्याचा घसा खाजला. म्हणजे कारण न कळता कॉपी करणं माणसाला परवडलेलं आहे.

पुढचं जरा नीट वाचा. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टीन लेगारी आणि सहकाऱ्यांना असं दिसलं की शेवटी वस्तू पुन्हा सुरुवातीच्याच जागी, तशीच ठेवली तर मुलं जास्त काटेकोर नक्कल करतात. कारण परिणाम काहीच दिसत नाही, मग मूल 'हे कशासाठी' सोडून 'आपल्यात हे असंच करतात' ह्या मोडमध्ये जातं. आरतीचं ताट आठवा, उचललं, ओवाळलं, परत तिथंच.

(गर्भसंस्काराचे क्लासवाले आता लगेच सरसावतील. पोटातल्या बाळाला शेवटच्या महिन्यांत आवाज ऐकू येतो, लय ओळखीची होते, हे खरंय. श्लोकाचा अर्थ, संस्कार वगैरे काही पोचत नाही, फी मात्र पोचते.)

पण हातवारे कॉपी होणं आणि विश्वास बसणं ह्यात फरक आहे. तिथे मानववंशशास्त्रज्ञ जोसेफ हेनरिकचं २००९चं म्हणणं मला पटतं. बोलणं फुकट असतं, म्हणून शिकणारा बघतो की सांगणारा स्वतः त्यासाठी काय सोसतो. निर्जळी एकादशी करणारी आई किंवा पंढरपूरपर्यंत चालत जाणारे आजोबा एक शब्द न बोलता जे पोचवतात, ते मोबाईल स्क्रोल करत 'चल शुभंकरोति म्हण' म्हणणाऱ्या बापाला जमत नाही. आणि हे नास्तिक बापालाही तितकंच लागू आहे.