औषध कुणाला द्यायचं, हे चिठ्ठीवर सोडा

पावसाळा लागला की काविळीच्या औषधाचे मेसेज फिरायला लागतात. अमुक गावातले तमुक मामा, रविवारी सकाळी उपाशीपोटी जायचं, पैसे घेत नाहीत, शंभरातल्या नव्व्याण्णवांना गुण येतो. गंमत म्हणजे यातला शेवटचा आकडा फारसा खोटा नसतो. पावसाळ्यातली बहुतेक कावीळ दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. (गरोदरपणातली ई मात्र जिवावर बेतू शकते, तिथे मामांकडे जाऊन वेळ घालवू नये.) गळ्यातली माळ रोज लांब होते, म्हणजे कावीळ उतरतेय, असंही सांगतात. माळेतल्या ओल्या काड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल.

हे वाचून हसणारी सुशिक्षित मंडळी दुसऱ्याच वाक्यात म्हणतात, "आमच्या डॉक्टरांच्या हाताला मात्र गुण आहे हं." तर्क तोच. औषध घेतलं, मग बरं वाटलं, म्हणून औषधानं बरं वाटलं. आणि डॉक्टरही याच तर्कानं फसतात, तेही अगदी शिकलेसवरलेले, हृदयरोगतज्ज्ञ वगैरे.

1980च्या दशकात अमेरिकेत असंच झालं. हार्ट अटॅकनंतर काही रुग्णांच्या हृदयाचे मधूनच जादा ठोके पडतात आणि अशांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड ही औषधं दिली की ते ठोके थांबत. ईसीजीवर डोळ्यांना दिसे. ठोके थांबले म्हणजे मृत्यूही टळणार, यात शंका कसली? डॉक्टर ही औषधं लिहून देत होते आणि रुग्ण आभार मानत होते. मग 'कास्ट' नावाची चाचणी झाली. ज्यांचे ठोके औषधानं खरोखर थांबले होते अशाच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. 755 जणांना औषध, 743 जणांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. दहाएक महिन्यांत औषधाच्या गटात 63 जण दगावले, दुसऱ्या गटात 26. ठोके थांबत होते आणि माणसं मरत होती. दवाखान्यात बसलेल्या एकट्या डॉक्टरला हे कधीच कळलं नसतं. हार्ट अटॅक येऊन गेलेला रुग्ण दगावला तर दोष हृदयाला जातो, गोळीला नाही.

म्हणजे तुलना हवी, औषध घेणारे आणि न घेणारे यांची. इथवर सगळ्यांना पटतं. पण न घेणारे कोण? साध्या कागदपत्रांवरून तुलना केली तर घोटाळा होतो, कारण औषध कुणाला द्यायचं हे डॉक्टरनं ठरवलेलं असतं आणि त्यामागे कारणं असतात. महागडं नवं इंजेक्शन ज्याला परवडतं त्याला मिळतं. त्याचं घर, खाणं, झोप, सगळंच बरं असतं. उलट कधी फारच अत्यवस्थ रुग्णाला 'आता काहीही करून बघा' म्हणून मिळतं. पहिल्या प्रकारात औषध फुकटचं श्रेय खातं, दुसऱ्यात फुकटचा मार. वय, वजन, मधुमेह यांचा हिशेब संख्याशास्त्रानं वळता करता येतो. पण जे मोजलेलंच नाही, किंवा जे महत्त्वाचं आहे हे अजून कुणाला ठाऊकच नाही, ते कसं वळतं करणार?

उत्तर शेतीतून आलं. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर हा संख्याशास्त्रज्ञ 1920च्या दशकात खतांचे प्रयोग तपासत होता. शेताचा एक कोपरा सुपीक, दुसरा पाणथळ, तिसऱ्यावर झाडाची सावली. हे सगळं मोजत कुठे बसणार? त्यानं सांगितलं, कुठल्या वाफ्याला कुठलं खत हे नशिबावर सोडा. मग माहीत असलेले आणि नसलेले सगळे फरक दोन्हीकडे साधारण सारखे विखुरतील, आणि जो थोडा असमतोल उरेल तो किती असू शकतो याचं गणित मांडता येईल. मला यातला उत्तरार्ध जास्त आवडतो. चिठ्ठी टाकली की गट तंतोतंत सारखे होतात असं नाही. पण चूक किती असेल याला मर्यादा घालता येते. अनुभवाला अशी मर्यादा नसते.

माणसांवर हे नीट करून दाखवलं ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिलनं. पहिल्या महायुद्धात वैमानिक असताना त्याला क्षयरोग झाला आणि डॉक्टर होण्याचं राहून गेलं. त्यानं अंथरुणावर पडून टपालाद्वारे अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे तो वैद्यकीय संख्याशास्त्राकडे वळला. 1943 मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलरची चणचण होती, औषध थोडंच मिळालं. सगळ्यांना पुरणारच नव्हतं, तेव्हा चिठ्ठ्या टाकायला नैतिक आडकाठी उरली नाही. दोन्ही फुप्फुसांत वेगानं पसरणारा क्षय असलेले 107 तरुण रुग्ण निवडले. 55 जणांना विश्रांतीसोबत औषध, 52 जणांना नुसती विश्रांती, म्हणजे त्या काळचा प्रस्थापित उपचार. सहा महिन्यांत औषधाच्या गटातले 4 दगावले, दुसऱ्यातले 14. एक्स-रे पाहणाऱ्या तज्ज्ञांना कुठली फिल्म कुणाची हे सांगितलेलं नव्हतं. (दुसऱ्या गटातल्या रुग्णांनाही आपण चाचणीत आहोत हे सांगितलेलं नव्हतं, आज कुठलीच एथिक्स कमिटी हे चालू देणार नाही.) 1948च्या ऑक्टोबरमध्ये हे छापून आलं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. थोडा वेळ काढून वाचा.

हिलच्या आधीही तुलना होत होत्या. सोपी रीत होती आळीपाळीची, पहिल्याला औषध, दुसऱ्याला नाही. दिसायला निःपक्षपाती. पण दारात उभ्या असलेल्या डॉक्टरला पुढची पाळी कुठली हे आधीच माहीत असतं. समोरची पोर फार खंगलेली आहे आणि पुढचा नंबर 'औषध नाही'चा आहे. मग तो म्हणतो, हिला उद्या दाखल करू. लबाडी नाही, दयाच. पण अशा दहा दया जमल्या की दोन गट सारखे राहत नाहीत आणि पुढचं सगळं गणित मातीमोल होतं. म्हणून चिठ्ठी टाकणं हे अर्धंच काम. ती लपवणं हे उरलेलं अर्धं, आणि माझ्या मते मोठं. हिलनं बंद पाकिटं केली. वर फक्त रुग्णालयाचं नाव आणि क्रमांक. रुग्ण चाचणीत घ्यायचा हे पक्कं झाल्यावरच मध्यवर्ती कार्यालयात त्या क्रमांकाचं पाकीट उघडायचं. एकदा आत घेतला की घेतला. पुढे हिलनं असंही सांगितलं की सुरुवातीच्या लेखांत त्यानं 'यादृच्छिक' अशा अर्थाचे शब्द मुद्दाम टाळले होते, डॉक्टर बिचकून पळतील म्हणून.

पाकिटांनीही प्रश्न पुरता सुटत नाही. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर छोट्या चाचणीत एका गटात 30 आणि दुसऱ्यात 18 असंही होऊ शकतं. म्हणून चार-चारचे ठोकळे करतात. प्रत्येक ठोकळ्यात दोन 'अ', दोन 'ब'. असे क्रम सहाच शक्य आहेत: अअबब, अबअब, अबबअ आणि यांत 'अ'च्या जागी 'ब', 'ब'च्या जागी 'अ' घातलेले तीन. आता वॉर्डातला हुशार रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ निवासी डॉक्टर, काय करतो? औषध उघडपणे दिलं जात असेल तर तो आधीचे तीन मोजतो आणि चौथा न उघडता सांगतो. पहिले दोन सारखे आले तर तिसराही सांगतो. हिशेब करून पाहा: सहापैकी दोन क्रमांत शेवटचे दोन कळतात, उरलेल्या चारांत शेवटचा एक. म्हणजे सरासरी दर तीन रुग्णांतल्या एकाची चिठ्ठी आधीच फुटलेली! म्हणून ठोकळ्यांचा आकार मधूनच बदलतात, कधी चार, कधी सहा, कधी आठ, आणि तो वॉर्डात कुणालाच सांगत नाहीत. मोठ्या चाचण्यांत वॉर्डात पाकिटं नसतातच; रुग्णाची माहिती दूरच्या संगणकावर भरल्यावरच गट कळतो.

एवढी कडेकोट व्यवस्था कशाला, असं वाटत असेल तर केनेथ शुल्झ या संशोधकाचं काम पाहावं. 1995 मध्ये त्यानं सहकाऱ्यांसह 250 चाचण्या तपासल्या. जिथे चिठ्ठी नीट लपवलेली नव्हती तिथे उपचाराचा फायदा, ऑड्स रेशोच्या (दोन गटांतल्या शक्यतांच्या गुणोत्तराच्या) मापात, सरासरी 41 टक्क्यांनी फुगलेला होता. पाकिटं दिव्यासमोर धरून वाचल्याचे किस्सेही त्यानं छापले. दिव्यासमोर पाकीट धरणारे काही खलनायक नव्हेत. आपल्या रुग्णाचं भलं व्हावं अशी इच्छा असलेले डॉक्टरच.

स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट सहा महिन्यांवर थांबवली तर अर्धवट राहते. पाच वर्षांनी मोजलं तेव्हा औषधाच्या गटातले 55 पैकी 32 आणि दुसऱ्यातले 52 पैकी 35 गेलेले होते. फरक जवळपास पुसला गेला. जंतू औषधाला सरावले होते. त्यातूनच दोन-तीन औषधं एकत्र देण्याच्या चाचण्या सुरू झाल्या. 1956 मध्ये मद्रासमध्ये चिठ्ठ्या टाकूनच विचारलं गेलं की गोळ्या घरी राहून घेतल्या आणि सॅनिटोरियममध्ये राहून घेतल्या तर काय फरक पडतो. तोवर क्षयाचा उपचार म्हणजे मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारख्या ठिकाणी मोकळी हवा, सकस खाणं आणि महिनोन् महिने अंथरूण. मद्रासच्या दाटीवाटीच्या घरांत, अपुऱ्या खाण्यावर राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले आणि घरच्यांना लागणही जास्त झाली नाही. जगभरच्या सॅनिटोरियमची गरज संपवणाऱ्या पुराव्यांत हा मोठा पुरावा.

कोविडमध्ये हेच सगळं पुन्हा पाहिलं. प्लाझ्मासाठी लोकांनी रात्र-रात्र फोन फिरवले. महाराष्ट्र सरकारनं प्लाझ्माचा 'प्लॅटिना' प्रकल्प जगातला सर्वांत मोठा म्हणून जाहीर केला. त्याच सुमारास आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) 39 रुग्णालयांतल्या 464 रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी केली. आजार बळावला किंवा मृत्यू आला असे प्लाझ्माच्या गटात 19 टक्के, दुसऱ्यात 18. 2020च्या ऑक्टोबरात हा निकाल छापला गेला. मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा जायला मे 2021 उजाडला, तोवर दुसरी लाट येऊन माणसं पुन्हा दात्यांच्या शोधात फिरली होती. याउलट ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोन या जुन्यापुराण्या, स्वस्त स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू 41 टक्क्यांवरून 29 टक्क्यांवर आणले. पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना काहीच फायदा दिसला नाही, उलट आकडे तोट्याकडे झुकले होते. आपल्याकडे मात्र ताप आला की पहिल्या दिवशी स्टेरॉइड, असा सपाटा सुरू होता.

यात दोष नुसता घाईचा नाही, शिकवण्याचाही आहे. एमबीबीएसचा विद्यार्थी औषधांच्या मात्रा घोकतो, पण एक शोधनिबंध समोर ठेवून 'यात चिठ्ठी लपवली होती का?' असं त्याला फार कमी वेळा विचारलं जातं. एमडी मेडिसिनला प्रबंध सक्तीचा आहे. तीन वर्षांच्या रात्रपाळ्यांत तो उरकायचा असतो, म्हणून वॉर्डात जे रुग्ण येतील त्यांची लक्षणं मोजून तक्ते करायचे, शेवटी कुठेतरी पी-व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगानं दिसण्याची शक्यता) 0.05च्या खाली आली की सुटकेचा निःश्वास. असे हजारो प्रबंध कपाटांत पडून आहेत. त्यापेक्षा वीस महाविद्यालयांनी मिळून एकच साधा प्रश्न घेतला आणि प्रत्येक रेसिडेंटनं पन्नास रुग्ण जोडले तर हजारांची चाचणी होईल. 2007 पासून आपल्याकडे सीटीआरआय ही चाचण्यांची नोंदवही आहे. 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. काय मोजणार हे आधी लिहून ठेवलं की निकाल पाहून प्रश्न बदलण्याची सोय राहत नाही.

आणि प्रश्न परदेशी औषधांचेच असायला हवेत असं नाही. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात 'रॅशन्स' चाचणी झाली. विषय होता तांदूळ आणि तूरडाळ. इथे पाकीट चालत नाही. डाळीच्या पिशवीसारखी दिसणारी निष्क्रिय पिशवी कुठून आणणार, आणि एका घराला देऊन शेजारच्याला नाही म्हटलं तर धान्य भिंत ओलांडतंच. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या त्या 28 क्षयरोग युनिटांच्या नावांच्या. क्षयरुग्णाला शिधा दोन्ही गटांत मिळाला. फरक इतकाच की निम्म्या युनिटांत रुग्णाच्या घरच्या इतर माणसांनाही महिन्याला माणशी 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. दहा हजारांहून जास्त माणसांचा पाठपुरावा केला. ज्या घरांत सगळ्यांना धान्य मिळालं, तिथे घरच्यांना नव्यानं क्षय होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं.