मांग महारांच्या दुःखाविषयी (निबंध)

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने लिहिलेला निबंध. ‘ज्ञानोदय’ या मिशनऱ्यांच्या नियतकालिकात तो 15 फेब्रुवारी आणि 1 मार्च 1855 अशा दोन अंकांत छापून आला. मुक्ता तेव्हा साधारण 14 वर्षांची होती आणि शाळेत येऊन तिला जेमतेम तीन वर्षे झाली होती. दलित स्त्रीचे छापील स्वरूपातले हे पहिले मराठी लेखन मानले जाते.

मुक्ता ही तालमीचे वस्ताद लहुजी साळवे यांच्या कुटुंबातली. लहुजींची तालीम गंज पेठेत होती आणि फुल्यांच्या शाळांना त्यांचा मोठा आधार होता.

निबंधाची सुरुवातच धर्मावरच्या तक्रारीने होते. वेद ब्राह्मणांचेच असतील, ते पाहण्याचाही आम्हाला अधिकार नसेल, तर आम्ही धर्मपुस्तक नसलेले लोक ठरतो. मग देवा, आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असे ती विचारते. पुढे पेशवाईच्या आठवणी येतात. तालमीपुढून मांग-महार गेला, तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत. आमच्यापैकी कोणी वाचायला शिकल्याचे बाजीरावाच्या कानी गेले, तर तो म्हणे, हे लिहू लागले तर ब्राह्मणांनी काय न्हाव्याची धोकटी बगलेत मारून विधवांच्या हजामती करत फिरावे? सत्ताधाऱ्याच्या तोंडी त्याचीच भीती घालणारा हा उपरोध शाळकरी मुलीच्या लेखणीतून आला आहे, हे वाचताना विसरायला होते.

पण निबंधातली सर्वांत बोचरी जागा वेगळी आहे. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, पावसाथंडीत त्यांचे काय हाल होत असतील, हे आपल्या अनुभवावरून मनात आणा, असे ती सांगते. मोठ्यांनी लिहून दिलेल्या मजकुरात असा तपशील सहसा येत नाही. तो घरात पाहिलेला असावा लागतो. शेवटी ती आपल्याच लोकांकडे वळते आणि ज्ञानाचे औषध घ्या म्हणून कळवळून विनवते.

लहान मुलांना बोलते करण्याच्या आपल्याकडच्या प्रयत्नांत हा निबंध वारंवार उल्लेखला जातो, तोही बहुधा वक्तृत्व स्पर्धांत. तिथे ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग’ पासून टाळ्यांच्या जागेपर्यंत सगळे घरून पाठ करून आणलेले असते, एखादा शब्द अडला की पहिल्या रांगेतली आई ओठ हलवून तो पुरवते. मुक्ताला विषय शोधावा लागला नव्हता. शाळेने तिला अक्षरे दिली, आणि तिने लिहिलेले छापखान्यापर्यंत पोचले.

शाळेच्या एका समारंभात शिक्षण खात्यातले इंग्रज अधिकारी मेजर कॅंडी यांनी खाऊ दिला तेव्हा ‘आम्हाला खाऊ नको, ग्रंथालय द्या’ असे मुक्ता म्हणाली, ही आठवण तिच्या नावावर सांगितली जाते. तिचे लेखन म्हणून आज ओळखला जातो तो हा एकच निबंध.