दादर टी. टी.

मुंबईतील दादर रेल्वे स्थानकाच्या पूर्वेस, टिळक पुलाची उतरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाला मिळते तेथील चौक व त्याभोवतीची वस्ती. चौकाचे नाव खोदादाद सर्कल. ‘टी. टी.’ हे ‘ट्राम टर्मिनस’चे संक्षिप्त रूप. ट्राम १९६४ साली बंद झाली. बसचे वाहक, टॅक्सीवाले आणि पुण्याच्या गाडीसाठी उभे राहणारे प्रवासी मात्र अजून ‘टीटी’च म्हणतात. दादर आज मुंबई शहर जिल्ह्यात मोडते, उपनगर जिल्ह्यात नव्हे. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची आखणी झाली ती दाटीच्या शहराबाहेरचे उपनगर म्हणूनच.

नाव : ‘दादर’ या स्थलनामाची व्युत्पत्ती निश्चित नाही. मराठीत दादर म्हणजे जिना. कोकणात माळ्यावर जाण्याचा लाकडी जिना या अर्थी हा शब्द आजही ऐकू येतो, आणि गुजरातीतही तो याच अर्थाने रूढ आहे. यावरून माहीमकडे चढत जाणारी पायरी म्हणून हे नाव पडले असावे, असे जुन्या इंग्रजी संदर्भग्रंथांच्या वळणाने पुढील लेखकांनी लिहिले. या मताची अडचण अशी की, माहीम दादरपेक्षा उंचावर नाही. जिना चढून जावे असे तेथे काही नाही. दादर या शब्दाला साकव, म्हणजे ओढ्यावर किंवा खाजणावर टाकलेला फळ्यांचा लहान पूल, असाही अर्थ आहे. बेटांमधील सखल जमीन बुजवली जाण्यापूर्वी माहीम, परळ व माटुंगा यांच्या दरम्यान भरतीचे पाणी शिरत असे. हे लक्षात घेता साकवाचा अर्थ भूगोलाशी अधिक जुळतो. रेल्वेच्या पादचारी पुलाच्या जिन्यांवरून नाव पडल्याची समजूत लोकप्रिय असली तरी ती नंतरची दिसते. खानदेशात ‘दादर’ हे रब्बी ज्वारीच्या एका वाणाचे नाव आहे. त्याचा या स्थलनामाशी संबंध जोडण्यास आधार नाही.

पोर्तुगीज काळात हा भाग माहीमच्या अंगाखाली, ‘खालचे माहीम’ म्हणून ओळखला जाई. फ्रान्सिस्कन पंथीयांनी १५९६ मध्ये बांधलेले साल्व्हेशन चर्च हे त्या काळाचे चिन्ह. गोखले रस्त्यावरील या चर्चला लोक ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणतात. आजची वास्तू मात्र १९७०च्या दशकातील असून तिचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा आहे.

‘टी. टी.’चा विस्तार काही जण ‘ट्रॉली टर्मिनस’ असा करतात. तो टिकत नाही. मुंबईत ट्रॉलीबस धावली ती १९६२ ते १९७१ या काळात, गोवालिया टँक व माझगाव यांच्या दरम्यान. ती दादरला कधी आली नाही. विजेच्या ट्रामलाही डोक्यावरच्या तारेतून प्रवाह घेणारा दांडा असे आणि इंग्रजीत त्याला ट्रॉली म्हणत, त्यातून हा घोटाळा झाला असणे शक्य आहे. ‘टर्मिनस’ या शब्दालाही एक पुरवणी जोडावी लागते. काही काळ ट्राम येथून पुढे किंग्ज सर्कलपर्यंत जात असे, म्हणजे दादर हे सर्वच मार्गांचे आणि सर्वच काळात शेवटचे स्थानक नव्हते. नाव रुजले ते बहुधा गाड्या येथे संपत व येथूनच सुटत असल्यामुळे; अखेरच्या पर्वात ते पुन्हा अक्षरशः खरे ठरले.

वसाहत : १८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्तीतील लोकांना हवेशीर जागी हलविण्यासाठी १८९८ मध्ये मुंबई नगर सुधारणा विश्वस्त मंडळ (बोलीत ‘इंप्रूव्हमेंट ट्रस्ट’) स्थापन झाले. त्याची दादर–माटुंगा योजना क्रमांक ५ व शीव–माटुंगा योजना क्रमांक ६ यांतून आजच्या पूर्व दादरचा नकाशा घडला. आधी रस्ते, गटारे व बागा आखायच्या, मग भूखंड भाडेपट्ट्याने द्यायचे, इमारतींची उंची व मधली मोकळी जागा नियमाने बांधून घ्यायची, असा हा क्रम होता. खोदादाद सर्कलभोवतीच्या एका उंचीच्या, एका वळणाच्या इमारतींत ही शिस्त आजही दिसते. उड्डाणपूल झाल्यापासून ती पाहायला मान जरा तिरकी करावी लागते, इतकेच. मंडळ १९३३ मध्ये महानगरपालिकेत विलीन झाले.

भूखंड भरू लागले ते मुख्यतः पहिल्या महायुद्धानंतर. मंचेरजी एदलजी जोशी या अभियंत्याने मध्यमवर्गीय पारश्यांसाठी १०३ भूखंड राखून घेतले. त्यातून दादर पारशी कॉलनी उभी राहिली, आणि पाच उद्यानांच्या समूहाला, म्हणजे सर्वांच्या तोंडच्या ‘फाइव्ह गार्डन्स’ला, पुढे त्यांचेच नाव मिळाले. शेजारची हिंदू कॉलनी गल्ल्यांच्या क्रमांकांनी ओळखली जाते : पहिली गल्ली, दुसरी गल्ली असे. याच कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी राजगृह हे घर बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी.

ट्राम : मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली. कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी हे पहिले मार्ग. तेव्हा दादर ट्रामच्या कक्षेबाहेर होते. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, आणि लांब पल्ला आवाक्यात आला. घोडे दमत, त्यांची बदली करावी लागे. विजेच्या गाडीला ती अडचण नव्हती. परळच्या पुढे रूळ सरकले ते नव्या वसाहतींच्या मागोमाग, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत, असे म्हणता येते. दुमजली ट्राम १९२० मध्ये रस्त्यावर आली. १५ जुलै १९२६ रोजी बससेवा सुरू झाली आणि ट्रामची स्पर्धा घरातच उभी राहिली, कारण दोन्ही सेवा ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज’ (बेस्ट) या एकाच कंपनीच्या होत्या.

७ ऑगस्ट १९४७ रोजी महानगरपालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली. मूळ नावातील ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले आणि ‘बेस्ट’ हे आद्याक्षरी नाव जसेच्या तसे राहिले. ट्रामचे आद्याक्षर असे मुंबईत दोन ठिकाणी उरले. बेस्टमध्ये त्याचा अर्थ बदलला, दादरला बदलला नाही.

ट्राम बंद करण्यामागे रस्त्यांवरची दाटी हे मुख्य कारण दिले जाते. ट्राम रुळांवरून बाजूला होत नाही. एक अडली की मागच्या सगळ्या अडतात. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी रात्री १० वाजता बोरीबंदरहून दादरला निघाली. निरोप द्यायला दुतर्फा गर्दी लोटली होती. रूळ पुढे बरेचसे उखडले, काही डांबराखाली गेले.

रस्ते : ज्या रस्त्यावरून ट्राम येई तो व्हिन्सेंट रोड, त्याच्या उत्तरेकडील भागास किंग्जवे म्हणत. दोन्हींचा मिळून आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग झाला आहे. किंग्ज सर्कलचे महेश्वरी उद्यान झाले, पण रेल्वे स्थानकाचे नाव किंग्ज सर्कलच राहिले. दादर मेन रोडचे नामांतर दादासाहेब फाळके मार्ग असे झाले, आणि नामांतरांत क्वचित आढळणारी गोष्ट येथे घडली : ज्याचे नाव दिले तो माणूस खरोखरच त्या रस्त्यावर राहिला होता. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटाचे काम फाळके यांनी याच रस्त्यावरील बंगल्यात केले. पुढे रणजीतसारखे स्टुडिओ याच परिसरात उभे राहिले.

रुळांच्या पश्चिमेकडील नावांची जात निराळी आहे. लेडी जमशेटजी मार्ग हा माहीमच्या बंधाऱ्याला (१८४५) पैसा देणाऱ्या दानशूर स्त्रीच्या नावाचा. कॅडेल रोड हे पालिका आयुक्ताचे नाव जाऊन तेथे स्वातंत्र्यवीर सावरकर मार्ग आले. वयस्क दादरकर मात्र पत्ता सांगताना अजून कॅडेल रोडच म्हणतात. १९२५ मध्ये तयार झालेले माहीम पार्क १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने शिवाजी पार्क झाले.

माडी, इराणी आणि परमिट रूम : दादर-माहीमच्या नारळवाड्यांत माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. नारळाची ती माडी आणि ताडाची ती ताडी, हा फरक जाणते आवर्जून करीत. माडीची दुकाने वाड्यांच्या तोंडाशीच असत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडागणिक कर वाढला, माडी काढणे परवडेनासे झाले. उरल्यासुरल्या वाड्या भूखंडांखाली गेल्या.

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ लागू झाल्यावर पिणे उघड्यावरून आडोशाला गेले. हातभट्टीचे गुत्ते, घरगुती ‘आंटीचे अड्डे’ आणि स्थानकांवरची सरकारमान्य नीरा केंद्रे ही त्या काळाची तीन रूपे. परवान्यावर पिण्याची मुभा मिळाल्यानंतर ‘परमिट रूम’ हा शब्द पाट्यांवर आला, तो परवाना कोणी विचारेनासे झाल्यावरही राहिला.

चौकातली बैठक खरी इराण्याकडे. गोल संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, पाणीकम चहा, ब्रुन मस्का. हिंदू कॉलनीतील कॅफे कॉलनी हे या घराण्यातले. हिंदू व्यापारी कोपऱ्याची जागा अशुभ मानत म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे नेहमी सांगितले जाते. असेलही, पण दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक एका दुकानात येते हा हिशेब इराण्याला कोणी शिकवावा लागला नसावा. पुलापलीकडे मामा काणे यांचे १९१० पासूनचे उपाहारगृह आणि छबिलदास गल्लीतला बटाटावडा हे मराठी पर्याय. वडापावचा जन्म १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर झाला, असे बहुधा मानले जाते; या श्रेयावर इतरांचाही दावा आहे.

सद्यःस्थिती : चौकावरून नाना जगन्नाथ शंकरशेठ उड्डाणपूल जातो. खाली पुण्याकडे जाणाऱ्या एस. टी. व खासगी गाड्यांचा थांबा आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (स्थापना १८९८) व शारदा चित्रपटगृहाची वास्तू चौकापासून चालत जाण्याइतकी जवळ आहे. आंबेडकर मार्गावरचे चित्रा चित्रपटगृह २०१९ मध्ये बंद पडले. ट्रामचा जुना डबा पाहायचा तर दादरला नव्हे, बोरीबंदरसमोरच्या भाटिया बागेत जावे लागते.