केरास निसर्ग उद्यानातील सायकलमार्ग

फ्रान्सच्या आग्नेय भागातील ओत-आल्प जिल्ह्यात, इटलीच्या सीमेला खेटून असलेल्या केरास प्रादेशिक निसर्ग उद्यानातून जाणारे डांबरी घाटरस्ते रोड सायकलस्वारांमध्ये विशेष प्रसिद्ध आहेत. उद्यानाचा गाभा म्हणजे गील नदीचे खोरे. या खोऱ्यातून चाकांवर बाहेर पडायला तीनच वाटा आहेत : नदीच्या प्रवाहाबरोबर पश्चिमेला गियेस्त्र गावाकडे, उत्तरेला इझोआर खिंडीतून (२,३६० मी.) ब्रियांसाँ शहराकडे आणि पूर्वेला आन्येल खिंडीतून (२,७४४ मी.) इटलीत. बाकीचे रस्ते कुठल्या ना कुठल्या वस्तीपाशी संपतात. त्यामुळे इथल्या सहलीची आखणी मुळात नदीच करते.

हे उद्यान १९७७ मध्ये स्थापन झाले. प्रादेशिक निसर्ग उद्यान ही फ्रान्समधली १९६७ पासूनची व्यवस्था राष्ट्रीय उद्यानाहून निराळी आहे. द्युराँस नदीपलीकडच्या एक्राँ राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यात कायमची वस्ती जवळजवळ नाही. केरासमध्ये मात्र माणसे राहतात, गवत कापतात, गुरे-मेंढ्या चारतात, आणि गावांनी मिळून स्वीकारलेल्या सनदेनुसार निसर्ग व उपजीविका यांचा मेळ घातला जातो. सायकलस्वाराला याचा प्रत्यक्ष लाभ होतो. दर काही किलोमीटरवर गाव लागते, गावात दगडी किंवा लाकडी हौदात अखंड वाहणारे पाणी असते, आणि बाटली भरून पुढचा चढ गाठता येतो.

गियेस्त्र (सुमारे १,००० मी.) हे बहुतेकांचे आरंभस्थान असते. तेथून निघालेला रस्ता लवकरच गील नदीच्या अरुंद घळईत शिरतो. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला खोल पात्र आणि मध्ये खडकात कोरलेले लहान बोगदे असे या टप्प्याचे रूप आहे. चढ सौम्य असला तरी बोगद्यांसाठी सायकलीला मागे-पुढे दिवा असलाच पाहिजे. उन्हाळ्यात दुपारी खोऱ्यातला वारा नदीच्या उलट दिशेने, डोंगराकडे वाहतो. वर जाणाऱ्याला तो पाठीवर मिळतो, पण संध्याकाळी दमून परतणाऱ्याला उतारावरही पायडल मारायला लावतो. ही नदी नेहमीच शांत असते असे नाही. जून १९५७ मधील महापुराने खोऱ्यातील रस्ते, पूल आणि घरे उद्ध्वस्त केली होती. घळई संपता संपता खडकाच्या सुळक्यावर बसलेला शातो-केरासचा किल्ला समोर येतो. त्याच्या थोडे अलीकडे इझोआरचा फाटा डावीकडे वळतो.

फाट्यापासून माथा सुमारे १४ किलोमीटर असून सरासरी चढ सुमारे सात टक्के आहे. ही सरासरी फसवी आहे, कारण सुरुवातीचे काही किलोमीटर तुलनेने सोपे जातात आणि त्यांची भरपाई वरच्या भागात करावी लागते. आर्व्यू गावानंतर ब्रुनिसारपर्यंतचा रस्ता कुरणांमधून जवळजवळ सरळ जातो. इथे वळण नाही, सावली नाही, आणि डोळ्यांना सपाट भासणाऱ्या रस्त्यावर पाय मात्र जड होत जातात. चढ वाढल्याचे आधी श्वासाला कळते, नजरेला नंतर. ब्रुनिसारनंतर लार्च या सूचिपर्णी वृक्षांच्या रानात हेअरपिन वळणे सुरू होतात. तिथला चढ आकड्यांनी अधिक तीव्र असूनही अनेकांना तो सुसह्य वाटतो, कारण प्रत्येक वळणावर क्षणभर दम घेता येतो आणि किती उंची कमावली ते खाली वाकून पाहता येते.

रान संपते आणि एका कड्याला वळसा घालताच ‘कास देझेर्त’ उघडते. या नावाचा अर्थ ओसाड दगडघसर असा सांगता येईल. फिकट पिवळ्या-करड्या घसाऱ्याच्या प्रचंड उतारातून पडक्या बुरुजांसारखे सुळके वर आलेले असून, आजूबाजूला गवताचे पातेही विरळाच दिसते. हे सुळके छिद्राळ, पण नैसर्गिकरीत्या घट्ट सांधल्या गेलेल्या डोलोमाइटयुक्त खडकाचे आहेत. भोवतीचा ठिसूळ भाग हिम आणि पाणी यांनी झिजवून नेला आणि टणक भाग मागे उरला. रस्ता इथे थोडा उतरतो, आणि मग शेवटचे सुमारे दोन किलोमीटर पुन्हा नऊ टक्क्यांच्या आसपास चढतात. थंड पडलेल्या पायांनी हा टप्पा पुन्हा सुरू करणे हीच इझोआरची खरी परीक्षा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

कास देझेर्तमधील एका खडकावर फाउस्तो कोप्पी आणि लुइझाँ बोबे या दोन स्पर्धकांचे जोडस्मारक आहे. १९४९ च्या ‘जिरो दीतालिया’ या इटलीच्या सायकल शर्यतीत कुनेओ ते पिनेरोलो या २५४ किलोमीटरच्या टप्प्यात कोप्पी पाच खिंडी ओलांडून एकटाच पुढे राहिला. इझोआर ही त्यांपैकी एक होती. जिनो बार्ताली दुसरा आला तो जवळजवळ १२ मिनिटांनी. त्याच वर्षीच्या जुलैत ‘तूर द फ्रान्स’मध्ये हे दोघे प्रतिस्पर्धी इझोआर बरोबरीने चढले आणि ब्रियांसाँचा टप्पा बार्तालीने आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी जिंकला. बोबेने १९५३ मध्ये याच घाटात सर्वांना मागे टाकले, तेव्हा कोप्पी स्पर्धेत नव्हता. तो रस्त्याच्या कडेला प्रेक्षक म्हणून उभा होता. ‘तूर’ची पहिली इझोआर चढाई १९२२ ची असली, तरी माथ्यावर टप्पा संपण्याची वेळ २०१७ मध्ये प्रथमच आली. तो टप्पा वॉरेन बार्गीलने जिंकला.

माथ्यावरून उत्तरेला ब्रियांसाँपर्यंत सुमारे २० किलोमीटर उतार आहे. तिथून द्युराँसच्या खोऱ्याने गियेस्त्रला परतल्यास जवळपास ९० किलोमीटरचे वर्तुळ पूर्ण होते. खोऱ्यातील मुख्य महामार्गावर वाहतूक फार असल्याने शक्य तेथे आडरस्ते धरणे हिताचे.

आन्येलचे स्वरूप वेगळे आहे. इझेरान आणि स्टेल्व्हिओ यांच्यानंतर ही आल्प्समधील तिसऱ्या क्रमांकाची उंच पक्की खिंड मानली जाते. शातो-केरासपासून सुमारे २० किलोमीटरचा हा चढ मोलिन गावाकडे निघताना एका मातीच्या खांबाजवळून जातो, ज्याच्या डोक्यावर टोपीसारखा मोठा दगड अजून टिकून आहे. गावे मागे पडल्यावर झाडेही संपतात, आणि शेवटचे पाच-सहा किलोमीटर उघड्या कुरणांतून चढ तीव्र होत जातो. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा चतुर्थांशाहून अधिक घटलेला असतो. इझोआरला चाललेला गिअर इथे चालेलच असे नाही. इटलीकडून कियानालेहून येणारी बाजू त्याहून खडी असून तिचे सुमारे दहा किलोमीटर नऊ टक्क्यांच्या पुढे जातात. उतरतानाही जपावे लागते : २०१६ च्या ‘जिरो’त आघाडीवीराची गुलाबी जर्सी घातलेला स्टेव्हन क्रॉइस्वाइक माथा ओलांडून फ्रान्सकडे उतरताना रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीवर आदळला आणि हातातली शर्यत गमावून बसला.

आडवाटांपैकी सँ-व्हेराँ (सुमारे २,०४० मी.) आवर्जून गाठावे. आन्येलच्या रस्त्यावरून मोलिनजवळ फुटणारा फाटा तिथे नेतो. आग पसरू नये म्हणून अंतर ठेवून वसवलेले मोहल्ले, लार्चच्या ओंडक्यांची घरे आणि भिंतींवरची रंगीत सूर्यघड्याळे ही या गावाची ओळख आहे. दक्षिणेकडील सेयाक हे तुलनेने खालचे गाव. तरीही ते जवळपास आपल्या कळसूबाईच्या माथ्याइतक्या उंचीवर वसले आहे. आब्रिएस आणि रिस्तोलास यांच्या दिशेने गीलच्या उगमाकडे जाणारा रस्ता सर्वांत सौम्य आहे, आणि त्याच्या टोकाच्या खोऱ्यावर माँ-व्हिझोचा (३,८४१ मी.) सुळका उभा आहे.

दोन्ही खिंडी हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात. साधारणपणे जून ते सप्टेंबर हा भरवशाचा काळ होय, तरी आन्येल उशिरा उघडणे किंवा जुलैतही माथ्यावर गारठा असणे नवलाचे नाही. दुपारनंतर वादळी पावसाची शक्यता वाढते, तर पूर्वेकडून पो नदीच्या मैदानातले धुके सीमेवरच्या धारेपर्यंत चढून येते आणि काही मिनिटांत समोरचे वळण दिसेनासे होते. म्हणून पहाटे निघावे आणि उतारासाठी वाराबंद जाकीट व हातमोजे बरोबर ठेवावेत. घाटांच्या कडेला दर किलोमीटरला फलक असून त्यांवर उरलेले अंतर, उंची आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ लिहिलेला असतो. उन्हाळ्यातील काही ठरावीक सकाळी जिल्हा प्रशासन निवडक खिंडी मोटारींना बंद करून केवळ सायकलींसाठी राखून ठेवते. इझोआर आणि आन्येल या दोन्हींना हा मान मिळत आला आहे.