व्याख्यानश्रवण

व्याख्यानश्रवण : जाणकाराने एखाद्या विषयाचे केलेले सलग तोंडी विवेचन ऐकून त्यातून ज्ञान, विचार करण्याची रीत किंवा अभ्यासाची ओढ मिळवण्याची अध्ययनपद्धती. प्रस्तुत नोंदीत विद्यार्थ्याच्या बाजूचा विचार केला आहे. वक्तृत्वकलेचा विषय वेगळा.

‘वि + आ + ख्या’ यापासून झालेल्या ‘व्याख्यान’ या शब्दाचा मूळ अर्थ उलगडून सांगणे असा आहे. पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरील पतंजलीच्या महाभाष्यात (बहुधा इ. स. पू. दुसरे शतक) सूत्रातील पदे नुसती सुटी करून दाखवणे म्हणजे व्याख्यान नव्हे, असे बजावले आहे. उदाहरण, प्रत्युदाहरण (नियम कोठे लागू पडत नाही हे दाखवणारे उदाहरण) आणि वाक्याध्याहार, म्हणजे सूत्रात न उच्चारलेले पण अभिप्रेत असलेले शब्द भरून घेणे, हे सारे मिळून व्याख्यान होते. सभेपुढील भाषण हा मराठीतील आजचा अर्थ बराच अलीकडचा असून तो एकोणिसाव्या शतकात रूढ झाला असावा. विद्यार्थ्याच्या दृष्टीने जुनी व्याख्या अधिक कामाची आहे. वहीत व्याख्या आणि उदाहरण उतरते, प्रत्युदाहरण बहुधा गळते. आणि नियम कोठे लागू पडत नाही हे न कळल्याने पुढे चुका होतात.

महाभाष्यातच विद्या चार काळांतून उपयुक्त होते असे म्हटले आहे : आगमकाल (गुरूकडून शिकणे), स्वाध्यायकाल, प्रवचनकाल (दुसऱ्याला शिकवणे) व व्यवहारकाल. ‘आचार्यात् पादमादत्ते’ या प्रसिद्ध सुभाषितातही विद्येचा एक चतुर्थांश गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीने, एक सहाध्यायांकडून आणि उरलेला कालक्रमाने मिळतो अशी वाटणी आहे. हे मोजमाप नव्हे, हे उघड आहे. पण ऐकणे हा आरंभ आहे, एवढे दोन्ही ठिकाणी गृहीत आहे.

यूरोपीय विद्यापीठांतील व्याख्यानाचा उगम लॅटिन ‘लेक्तिओ’, म्हणजे वाचन, यात शोधला जातो. हस्तलिखिते महाग व दुर्मिळ असल्यामुळे अध्यापक वाचून दाखवी, विद्यार्थी उतरून घेत आणि व्याख्यान म्हणजे ग्रंथाची प्रत काढण्याचीच एक सोय होती, असे मत सर्रास मांडले जाते. हे मत पूर्णपणे टाकून देता येत नाही, कारण सावकाश सांगून लिहून देण्याची पद्धत अस्तित्वात होती. मात्र पॅरिस विद्यापीठाच्या कलाशाखेने 1355 मध्ये याच पद्धतीविरुद्ध नियम केला. ऐकणाऱ्याच्या मनाला पकडता येईल, पण हाताला लिहून घेता येणार नाही, अशा वेगाने अध्यापकाने बोलावे असे त्यात ठरले. विरोध म्हणून ओरडणाऱ्या, शीळ घालणाऱ्या किंवा दगड फेकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षाही सांगितली होती. मुद्रणकला आल्यावर पुस्तकांची टंचाई सरली, तरी व्याख्यान टिकले. हे दोन्ही पाहता, लिहून देणे हा व्याख्यानाचा उपप्रकार होता आणि समजून देणे हाच मूळ हेतू होता, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. व्याख्यानाला जोडूनच ‘दिस्पुतातिओ’ हा वादविवाद असे. नुसते ऐकून कोणी शिकतो असे तेथेही मानलेले नव्हते.

व्याख्यानातून होणारे लाभ दोन प्रकारचे असून त्यांची गल्लत होते. पहिला लाभ आशयाचा : संज्ञा, नियम, युक्तिवादाचा क्रम. दुसरा लाभ वृत्तीचा : जाणकार माणूस प्रश्न कसा मांडतो, कोठे थांबतो, पुरावा अपुरा असेल तर काय म्हणतो, हे प्रत्यक्ष पाहायला मिळणे. दुसरा लाभ पुस्तकातून सहसा मिळत नाही. तो परीक्षेत मोजलाही जात नाही, त्यामुळे त्यावरचे लेखन तुटपुंजे आहे. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या, पुढे शास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेल्या मायकेल फॅरेडेने 1812 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकली. त्याने टिपणे पुन्हा विस्ताराने लिहून काढली, आकृत्या घातल्या, बांधणी करून ती डेव्हीकडे पाठवली आणि 1813 मध्ये तो तेथेच साहाय्यक झाला. हे उदाहरण प्रेरणेचे म्हणून नेहमी दिले जाते. पुनर्लेखनाचे म्हणून क्वचितच.

व्याख्यान आवडले म्हणजे समजले, हा सर्वांत पक्का भ्रम होय. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका नटाने तज्ज्ञ श्रोत्यांपुढे मुद्दाम पोकळ पण रंगतदार व्याख्यान दिले, आणि श्रोत्यांनी त्याला चांगला शेरा दिला. या प्रयोगात श्रोते किती शिकले हे तपासलेले नव्हते, म्हणून त्यावर फार भार टाकू नये. 2013 मधील प्रयोग अधिक भक्कम आहे : सुमारे एका मिनिटाची एकच माहिती एका गटाला सफाईने आणि दुसऱ्याला अडखळत, टिपणात पाहून सांगितली. पहिल्या गटाला आपल्याला जास्त आठवेल असे वाटले. प्रत्यक्षात फरक जवळजवळ नव्हता. उलट बाजूने, 2019 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकीच्या वर्गांत स्वतः गणिते सोडवत शिकलेले विद्यार्थी चाचणीत सरस ठरले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. विज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या 225 अभ्यासांच्या 2014 मधील एकत्रित विश्लेषणात केवळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी 33.8 टक्के, तर सक्रिय अध्ययनाच्या (विद्यार्थी स्वतः प्रश्न सोडवत, चर्चा करत शिकतात अशा) वर्गांत 21.8 टक्के आढळले. मानव्यविद्यांना हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत.

लक्ष 10 ते 15 मिनिटांनंतर ओसरते, हे विधान शिक्षकांच्या पुस्तिकांत नेहमी आढळते. त्यामागचा पुरावा 2007 मधील एका समीक्षेत तपासला गेला आणि तो कच्चा निघाला. त्यातील बराच भाग विद्यार्थ्यांनी कोणत्या मिनिटाला किती टिपणे घेतली यावरून काढलेला होता, आणि टिपण कमी म्हणजे लक्ष कमी असे होत नाही. 2010 मध्ये रसायनशास्त्राच्या वर्गांत विद्यार्थ्यांनी कळ दाबून स्वतः नोंदवलेल्या माहितीवरून लक्ष एकदाच ढळत नाही, तर सुरुवातीपासूनच थोड्या थोड्या वेळाने, बहुधा मिनिटभर किंवा त्याहून कमी काळ सुटत राहते असे दिसले. व्यवहारात याचा अर्थ असा, की सुटलेल्या मुद्द्याच्या जागी दोन ओळी कोऱ्या सोडून पुढे जावे. मागचे शेजाऱ्याला विचारत बसले की पुढचेही सुटते.

टिपणांची मूळ अडचण वेगाची आहे. वक्ता सेकंदाला दोन-तीन शब्द बोलतो, हात त्याच वेळात अर्ध्या शब्दापर्यंतही पोहोचत नाही. म्हणून निवड अटळ असते, आणि विद्यार्थी बहुतेक वेळा फळ्यावरचे तेवढे निवडतो. फळ्यावर निष्कर्ष येतो. ‘पण’, ‘म्हणून’, ‘याला अपवाद’ हे दुवे तोंडीच राहतात. ते बाण, प्रश्नचिन्ह व फुली अशा खुणांनी धरावेत. टिपणे घेण्याच्या कॉर्नेल पद्धतीत पानाच्या डावीकडे सुमारे अडीच इंचांचा पट्टा मोकळा ठेवून नंतर त्यात सूचक शब्द किंवा प्रश्न लिहितात, तळाशी दोन इंचांत सारांश. पट्टा वर्गातच भरून टाकला की पद्धत निकामी होते, कारण तो उजवी बाजू झाकून स्वतःला प्रश्न विचारण्यासाठी असतो. हाताने लिहिणे संगणकापेक्षा सरस असल्याचा 2014 मधील निष्कर्ष गाजला. पुढच्या पडताळण्यांत संगणकावर शब्दशः उतरवणे वाढते हे खरे ठरले, गुणांतला फरक मात्र ठामपणे दिसला नाही.

व्याख्यानापूर्वी दहा मिनिटे विषय चाळून दोन-तीन प्रश्न लिहिले तर ऐकण्याला पकड मिळते. नंतर त्याच दिवशी वही मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहावे, मग वहीशी ताडून चूक वेगळ्या शाईने दुरुस्त करावी; आठवड्याने पुन्हा. नुसते पुन्हा वाचणे सोपे वाटते आणि तेथेच फसगत होते : 2006 च्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारा गट पुढे होता (81 विरुद्ध 75 टक्के), आठवड्याने आठवून लिहिणारा (56 विरुद्ध 42). शिकलेले काळाबरोबर किती विसरले जाते हे दाखवणारा, मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसचा 1885 चा विस्मरणवक्र येथे सहसा जोडला जातो, पण तो निरर्थक अक्षरगटांवर आणि एकाच माणसाच्या स्मृतीवर आधारलेला आहे. अर्थपूर्ण व्याख्यानाला त्यातील टक्केवारी लावणे चूक.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांत थांबवण्याची सोय असते, आणि तिचेच रूपांतर शब्दशः उतरवण्यात होते. दुप्पट वेगापर्यंत आकलन फारसे घटत नाही, त्यापुढे घटते असे 2021 मधील एका प्रयोगात आढळले. मात्र हे निष्कर्ष सोप्या, सलग निवेदनाचे आहेत, सिद्धतेच्या एकेका पायरीवर थांबावे लागणाऱ्या गणिताचे नव्हेत.