बोर्दोचा दगडी पूल : मोटारी हटल्या त्यामागची गोष्ट

फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या गारोन नदीवरच्या दगडी पुलावरून आज ट्राम, सायकली आणि पादचारी जातात. खासगी मोटारींना तिथे मज्जाव आहे. या बंदीचा वाद नवा, पूल मात्र दोन शतकांचा.

स्पेनकडे निघालेले सैन्य होड्यांनी पार करताना झालेला खोळंबा पाहून सम्राट नेपोलियन बोनापार्टने पुलाचा हुकूम सोडला. काम रखडले, सत्ता बदलली, शेवटी व्यापाऱ्यांच्या पैशावर १८२२ मध्ये पूल खुला झाला. त्या बदल्यात पुढची काही दशके टोल घेतला जाई. लांबी ४८७ मीटर, कमानी १७. सम्राटाच्या नावात रोमन लिपीत तेवढीच अक्षरे येतात, हे वाटाडे न चुकता सांगतात. जास्त महत्त्वाचे म्हणजे पाये गाळात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर आहेत. भार कमी व्हावा म्हणून पूल आतून पोकळ ठेवलेला आहे, तरी पाये हळूहळू खचतातच.

१९६५ पर्यंत शहरात रस्त्याने नदी ओलांडायला हाच एक पूल होता. १९५४ मध्ये तो रुंद केला गेला, तोही वाढत्या मोटारींसाठी. चारच वर्षांनी शहरातली जुनी ट्राम बंद पडली. ट्राम परतली २००३ मध्ये, आणि पुलावर जागेची ओढाताण सुरू झाली.

ऑगस्ट २०१७ मध्ये मोटारींना बंदी झाली ती ‘प्रयोग’ म्हणून. मुदत वाढत गेली, २०१८ मध्ये ती कायम झाली. उजव्या काठावरचे रहिवासी चिडले. कामाला, बाजाराला, दवाखान्याला जायचे तर आता लांबचा वळसा, आणि बाकीच्या पुलांवर वाढलेली कोंडी. त्यांची तक्रार खोटी नव्हती. श्रीमंत डाव्या काठाने आपल्याला पुन्हा नदीपलीकडे ढकलले, ही जुनी सल त्यात होतीच. पण सायकलींची संख्या झपाट्याने वाढली, आणि मोटारी परत आणायच्या तर ट्राम आणि सायकलींची जागा आखडायची, हे सगळ्यांना दिसत होते. मुळात प्रयोग म्हणून घोषणा करायची आणि मागे फिरायची वाट ठेवायची नाही, ही पद्धत खटकते. निर्णय मात्र बरोबरच होता.

मोटारींसाठी आणखी एक रस्ता जुलै २०२४ मध्ये खुला झाला. दक्षिणेला ४४ मीटर रुंदीचा नवा पूल आला. दगडी पुलावरची बंदी त्यानंतरही उठलेली नाही.